घुमेरावांची पिशवी

पोलिसाने फक्त गाडीचे कागद मागितले होते. ड्रायव्हरने ते दिले, पोलिसाने ते वाचल्यासारखं केलं आणि परतही दिले. म्हणजे प्रकरण तिथेच मिटलं होतं. पुढची सगळी आफत फोटोवाल्यांनी स्वतःच्या तोंडाने ओढवून आणली.

"साहेब, कागद काय बघता?" मागच्या सीटवरून ते म्हणाले. "बघायचंच असेल तर आमच्या घुमेरावांची पिशवी बघा. इतकी वर्षं मांडीवर घेऊन बसतायत, पण आत काय आहे ते सांगतील तर शपथ! सोनं तरी असणार, नाहीतर कुणाची तरी मुंडी."

गाडीत हशा पिकला. ड्रायव्हर हसला, शाळेच्या बाई हसल्या, विमावाले तर गुडघ्यावर थाप मारून हसले. पोलीस मात्र हसला नाही. त्याने परत दिलेले कागद पुन्हा मागून घेतले आणि गाडी बाजूला लावायची खूण केली.

विनोद करण्याआधी तो कुणापुढे करतोय हे बघावं लागतं, ही गोष्ट फोटोवाल्यांना आयुष्यात कुणी शिकवली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा एकूण कारभार. बिचारे मनाचे वाईट नव्हते. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि रडवी पोरं, रुसलेल्या नवऱ्या मुली, मळकट चेहऱ्याने परवान्याचा फोटो काढायला आलेले ड्रायव्हर, या सगळ्यांना क्षणभर हसवण्यात त्यांची उमर गेली होती. हसवण्याची सवय जडली की ती दुकान बंद करून घरी ठेवता येत नाही. ती गाडीतही बरोबर येते.

ही गाडी म्हणजे गावातून पुलापलीकडच्या शहरात रोज सकाळी माणशी भाड्याने जाणारा एक जुना खटारा. ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगपेक्षा हॉर्नवरच जास्त, म्हणून त्याचं नाव भोंगा. पुढे त्याच्याशेजारी शाळेच्या बाई. मागे विमावाले, मधे धुवायची रिळं शहरात पोचवायला निघालेले फोटोवाले आणि खिडकीला घुमेराव. घुमेराव हे नाव अर्थातच फोटोवाल्यांनी ठेवलेलं. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मिळालं असतं याची खात्री नव्हती. माणूस घुम्याच. साठीला टेकलेला, अंगाने काटकुळा, ओठ एकमेकांना शिवल्यासारखे. बोलायचंच झालं तर ओठांची एक बारीक फट करून त्यातून शब्द बाहेर सरकवायचे, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकतात तसे.

ते पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत राहायचे. केसांवर, भुवयांवर, शर्टाच्या शिवणीत कायम पांढरी भुकटी असायची. त्यामुळे ते गिरणीवर कामाला आहेत असं सगळं गाव धरून चाललं होतं. गिरणीवाल्याला वाटायचं, त्याच्या जात्यांचं पीठ जिन्याने वर चढतं. घुमेरावांनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

त्या पिशवीत काय होतं ते वाचकांना आत्ताच सांगून टाकतो. फोटोवाल्यांना कळायला अजून थोडा अवकाश आहे, आणि त्यांना ते ज्या रीतीने कळलं ती काही चांगली रीत नव्हती. पिशवीत दात होते. घुमेराव कवळ्या बनवायचे. केसांवरची भुकटी ही पिठाची नव्हे, जबड्यांचे साचे करायच्या प्लॅस्टरची. गिरणीवरची खोली त्यांनी मुद्दामच घेतली होती. खाली जातं घरघरत असलं की वर दात घासायच्या मोटरीचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. शहरात एक दातांचे डॉक्टर होते. ज्यांना आपल्या तोंडात विकतचे दात आहेत हे गावात कळू द्यायचं नसे, ते गावचा दवाखाना सोडून पूल ओलांडून या डॉक्टरांकडे जायचे. आणि त्यांचे दात मात्र पुन्हा गावातच, गिरणीच्या माडीवर तयार व्हायचे. हे डॉक्टरांना ठाऊक आणि घुमेरावांना ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी अर्ध्या गावाची मूठ त्या एका कापडी पिशवीत झाकलेली होती. घुमेरावांची भाकरी त्या मुठीवर चालली होती. ती उघडली की त्यांच्याकडे कोण कशाला येईल?

त्या सकाळी फोटोवाले विशेष रंगात होते. कारण घरी शांतता होती.

"आमच्या हिची दाढ दुखतेय," पूल येईपर्यंत त्यांनी ही बातमी चारदा तरी सांगितली असेल. "तोंडाला पदर लावून बसलीय. बोलणं बंद! खुणेने चहा, खुणेने जेवण. मी म्हटलं, देवा, एवढी वर्षं मागत होतो तेव्हा कुठे होतास?"

"डॉक्टरला दाखवा की," शाळेच्या बाई म्हणाल्या.

"छे! बरी झाली तर? आज दुपारी शहरात बहिणीकडे जाते म्हणाली. म्हणजे म्हणाली कसली, पाटीवर लिहून दाखवलं. मी म्हटलं जा, मेव्हणीची बडबड ऐकून ये, तेवढाच तुला विरंगुळा."

विमावाले हसले. घुमेराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पिशवी पोटाशी जरा जास्तच ओढून घेतली, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग फोटोवाल्यांनी आपली नेहमीची गोष्ट काढली. स्टुडिओच्या काचेत त्यांच्या बायकोचा एक मोठा फोटो लावलेला होता. लग्नानंतर लगेच काढलेला, हसताना. तिच्या वरच्या दातांतला एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता, गर्दीत कुणी खांद्यावरून डोकावून बघावं तसा. फोटो साफसूफ करताना गिऱ्हाइकाचे मुरूम, चट्टे, वाकडे दात पुसणं हा फोटोवाल्यांचा धंदा. पण तो दात त्यांनी पुसला नव्हता. "हा दात म्हणजे हिची सही आहे," असं ते सगळ्यांना सांगत. "मी लग्न या दाताशी केलं. बाई बरोबर फुकट आली." बायकोसमोर सांगत, मेव्हणीसमोर सांगत, सासूबाईंसमोरसुद्धा सांगत. बायको हसायची. हसली की सही दिसायची.

"आणि हे आमचे घुमेराव," ते विमावाल्यांना म्हणाले, "वरून असे साधे दिसतात. पण मागे एकदा रोज येऊन माझ्या काचेसमोर उभे! हिच्या फोटोकडे टक लावून! कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. शेवटी मी बाहेर येऊन म्हटलं, काका, उशीर झाला तुम्हाला. लग्न झालंय तिचं. माझ्याशीच!"

ही गोष्ट गाडीने इतक्या वेळा ऐकली होती की भोंग्याने शेवटच्या वाक्याला हॉर्न वाजवून साथ दिली. तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी लोखंडी अडथळा आडवा दिसला, आणि कागद बघणारा पोलीस.

"उतरा सगळे," तो म्हणाला.

पहाटेपासून पुलावर उभा असलेला तो माणूस. त्याला कुणी हसवलं नव्हतं आणि त्याला हसायचंही नव्हतं. त्याने भोंग्याला विचारलं, "गाडी बघायची आहे. हरकत आहे?"

"माझी कसली हरकत? उघडीच आहे गाडी. तशीही दारं लागत नाहीत."

पोलिसाने सीटखाली बघितलं, मागचं चाक बघितलं, एक फाटकी सतरंजी झटकली आणि घुमेरावांसमोर येऊन उभा राहिला. "ती पिशवी."

"गाडी त्याची आहे," घुमेराव फटीतून म्हणाले. "पिशवी माझी आहे."

"गाडीत होती ना? मग गाडीचीच."

"गाडीत मीही होतो. मग मी काय, स्टेपनी?"

घुमेरावांच्या तोंडून एका दमात एवढं बोलणं गाडीने पहिल्यांदाच ऐकलं. भोंगा खुसखुसला. पोलिसाचा चेहरा आणखी आवळला.

"काका, सरळ विचारतो. लपवण्यासारखं काही आहे का?"

घुमेरावांनी जरा विचार केला. खोटं बोलणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागत नाही. "आहे," ते म्हणाले. "पण माझं नाही."

पोलिसांना द्यायची जेवढी म्हणून वाईट उत्तरं जगात आहेत, त्यांत हे पहिलं.

"बाजूला चला," घुमेराव म्हणाले, "त्या टपरीमागे. तुम्ही एकट्याने बघा. सगळी उघडून दाखवतो. इथे नको."

साधं मागणं होतं. पोलीस क्षणभर घुटमळलाही. पण फोटोवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी पिशवीचा सोहळा सुरू केला होता, आता तो पडद्यामागे उरकला जाणार म्हणजे काय?

"अहो काका, उघडा ना इथेच! आपण काय परके? घरची माणसं. मनात पाप नसेल त्याने भ्यायचं कशाला?"

"आणि पहिली घंटा होईल हो माझी," शाळेच्या बाई म्हणाल्या. "दाखवून टाका एकदाचं."

तेवढ्यात पोलिसाची नजर बाईंच्या पर्सकडे वळली. बाईंनी ती काखेत घट्ट दाबली. विमावाल्यांनीही उगाचच आपल्या बॅगेची चेन ओढून घेतली. फोटोवाल्यांनी ते बघितलं, हसले आणि विसरले.

"ऐकलंत ना?" पोलीस म्हणाला. "तुमच्याच माणसांची हरकत नाही. ठेवा इथे."

घुमेरावांनी पिशवी गाडीच्या बॉनेटवर ठेवली, पण उघडली नाही. ती पोलिसाने उघडली. आत टिनच्या चपट्या डब्या होत्या. पोलिसाने पहिली उघडली. ओल्या कापसात, गुलाबी हिरड्यांसकट, दातांची एक अख्खी रांग त्याच्याकडे बघून हसत होती.

पोलीस एक पाऊल मागे सरला. मग अख्खी गाडी फुटली. विमावाल्यांनी पोट धरलं. शाळेच्या बाई तोंडावर हात ठेवून "अगं बाई, अगं बाई" करू लागल्या. दुसरी डबी उघडली, तिसरी उघडली. कुठे वरचे, कुठे खालचे, कुठे नुसते दोन. पोलिसाने ते बॉनेटवर एकाशेजारी एक मांडले, भाजीवाल्याने वाटे लावावेत तसे. इतकं स्वच्छ धुऊन, कापसात गुंडाळून आणलेलं काम त्या धुळीच्या पत्र्यावर उघडं पडलं. मागे खोळंबलेल्या गाड्यांतली माणसंही माना बाहेर काढून बघायला लागली.

"कुणाचे?" पोलिसाने विचारलं.

"माझे."

"एवढे सगळे?"

"आत्ता तरी माझेच."

"नावं सांगा लोकांची, म्हणजे खात्री पटेल. सोडून देतो."

"नावं नाहीत सांगणार."

"चौकीवर न्यावं लागेल."

"न्या."

हे सगळं चाललं असताना फोटोवाले बॉनेटपाशी पोचले होते. एवढे दात आणि एवढे प्रेक्षक एकाच जागी पुन्हा कधी मिळणार! त्यांनी समोरची चार दातांची एक छोटी पट्टी दोन बोटांत धरली, तोंडासमोर नाचवली आणि आपल्या दुकानातला ठेवणीतला आवाज काढला.

"चला, मान सरळ! डोळे मिटू नका! जरा ह..."

पुढचं अक्षर बाहेर पडलंच नाही.

पट्टी उन्हात धरली गेली होती. तिला मधोमध एक तडा गेलेला होता आणि तो ताज्या, जरा गडद गुलाबी रंगाने सांधला होता. दोन्ही टोकांना तारेचे बारीक आकडे. चार दातांतला दुसरा दात शेजारच्यावर किंचित चढला होता. गर्दीत कुणी खांद्यावरून डोकावून बघावं तसा. त्याच्या कोपऱ्याचा टवकासुद्धा तिथेच उडालेला होता, तांदळाची कणी तुटावी तेवढा. तो टवका फोटोवाल्यांनी भिंगाखाली किती वेळा बघितला होता. तो त्यांनी पुसला नव्हता.

त्यांना बायकोचं ते माहेरपण आठवलं. काचेतला फोटो लावला त्यानंतरचं. सासूबाईंच्या घराच्या जिन्यावरून ती घसरली होती, थोडं लागलंय म्हणून निरोप आला होता, आणि ती फार दिवस राहिली होती. भेटायला येऊ नका, मी येतेच, असा वरचेवर निरोप. परत आली तेव्हा फोटोवाले दारातच म्हणाले होते, "आधी हसून दाखव. सही शाबूत आहे ना?" ती हसली होती. त्यावर ते म्हणाले होते, "आहे! या, आत या."

आणि त्याच दिवसांत एक पांढऱ्या केसांचा माणूस काचेसमोर उभा राहायचा. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने.

"काय हो," विमावाल्यांनी विचारलं, "रीळ संपलं का?"

सगळे हसले. सगळे विनोदाची वाट बघत होते. फोटोवाल्यांचा हात तसाच वर राहिला होता आणि तो खाली कसा आणायचा हे त्यांना समजत नव्हतं. सबंध रस्त्यासमोर, भर उन्हात, ते स्वतःच्या बायकोला उघडं करून नाचवत होते आणि हे त्यांच्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यांनी घुमेरावांकडे बघितलं. घुमेराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते पुलाच्या कठड्याकडे बघत होते आणि त्यांनी ओल्या कापसासकट आपला तळवा पुढे केला होता. फोटोवाल्यांनी पट्टी त्या तळव्यावर ठेवली.

"थांबा, थांबा," विमावाले पुढे झाले. "यात एक दात वाकडा आहे की! विकतचे दात कुणी वाकडे घेतं का? आणि मी हा कुठेतरी पाहिलाय हो. कुठे बरं पाहिलाय?"

गावात त्या काचेवरून न गेलेला माणूस नव्हता. विमावाले तर रोज तिथेच गाडीची वाट बघत उभे राहायचे.

"माझा आहे," घुमेराव म्हणाले.

आणि त्यांनी तोंड उघडलं. ओठांची फट नव्हे. तोंड, पुरतं, सगळ्यांना दिसेल असं. समोर वरती काही नव्हतं. काळं, रिकामं भगदाड. इतकी वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या गाडीने ते पहिल्यांदा बघितलं. जन्मभर दुसऱ्यांना दात देणाऱ्या माणसाने स्वतःचे बसवून घेतले नव्हते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो बोलत नव्हता, हसत नव्हता. आता तो माणूस पुलाच्या तोंडाशी 'आ' करून उभा होता.

"अरेच्चा!" विमावाल्यांना हसू आवरेना. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" वाकडा दात कुठे पाहिला ते ते विसरून गेले. शाळेच्या बाईही हसल्या, पण लगेच मान वळवून.

"तुमचाच ना?" पोलीस म्हणाला. "मग घाला बघू. बसतोय का ते बघू."

घुमेरावांनी मूठ मिटली.

"पुरे झालं, साहेब," फोटोवाले म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"काय पुरे?"

"त्यांना पिशवी भरू द्या."

"अहो," पोलीस खरंच चकित झाला होता, "तुम्हीच तर उघडा म्हणालात!"

"मीच म्हणालो," एवढंच फोटोवाल्यांनी कबूल केलं आणि ते बॉनेटसमोर आडवे उभे राहिले, मागच्या गाड्यांकडे पाठ करून, शर्टाचा पसारा जेवढा होईल तेवढा करून. तेवढा आडोसा त्यांच्याकडे होता.

मागचे हॉर्न वाढले. भोंग्यानेही आपला मिसळून दिला. दात हा गुन्हा होतो की नाही हे पोलिसालाही धड ठाऊक नसावं. त्याने "निघा, निघा" असा हात हलवला. घुमेरावांनी एकेक दात पुसून, ज्याच्या त्याच्या डबीत, ज्याच्या त्याच्या कापसात ठेवला. त्यांना कोणता कुणाचा हे बघावं लागत नव्हतं. उरलेल्या वाटेत विमावाल्यांनीच दातांवरचे विनोद केले. ते फारसे जमले नाहीत, पण लोक हसले. फोटोवाल्यांना प्रथमच कळलं की ज्याला हसतात त्याला गाडीतलं हसू कसं ऐकू येत असेल.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको बहिणीकडून परतली होती. तोंडावरचा पदर गेला होता.

"बरी झाली बाई एकदाची दाढ," ती म्हणाली आणि मग बोलतच सुटली. बहीण कशी जाडी झाली, भाचरं कशी भांडतात, शेजारीण कशी आगाऊ. इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं होतं. मधेच ती हसली. सही दिसली. फोटोवाले ताटाकडे बघत राहिले. आजवर किती वेळा त्यांनी 'हस बघू' म्हटलं होतं, आणि दर वेळी तिने आधी जिभेने ती पट्टी चाचपून घेतली असेल. घट्ट आहे ना, हलत नाही ना. आणि रात्री दिवा मालवल्यावर? त्यांना विचारच करवेना. मी दाताशी लग्न केलं, असं जो नवरा गावभर सांगत फिरतो, त्याला कुठली बायको सांगेल, की अहो, ज्याच्याशी लग्न केलंत तो गेला?

"आज गप्पसे?" तिने विचारलं.

"दाढ दुखतेय," फोटोवाले म्हणाले.

ती खो खो हसली. "माझी लागली वाटतं तुम्हाला!"

घुमेरावांकडे जायला त्यांनी बरेच दिवस लावले. रोज गिरणीपर्यंत जात आणि पीठ न दळताच परत येत. गाडीत तर घुमेराव दिसायचे बंद झाले होते. खिडकीच्या जागी आता एक मासळीवाली बसायची. दातांची गोष्ट मात्र सगळीकडे पोचली होती. भोंगा येणाऱ्या-जाणाऱ्याला साभिनय सांगायचा. गिरणीवाल्याला आता कळलं होतं की वरची भुकटी आपली नव्हे. बाजारात घुमेराव समोरून आले की भलेभले पटकन तोंड मिटून घ्यायचे. कोण मिटतो आणि कोण मिटत नाही यावरून मग इतर लोक अंदाज बांधायचे.

शेवटी एका दुपारी, खाली जातं घरघरत असताना, फोटोवाले लाकडी जिना चढून वर गेले.

खोली लहान होती. खिडकीशी एक टेबल, त्यावर मेणाच्या गुलाबी वड्या, बारीक सुऱ्या, दातांच्या रंगांच्या नमुन्यांची एक माळ. पांढरा म्हणून ज्याला आपण एक रंग समजतो त्याचे किती प्रकार असतात ते त्या माळेत दिसत होतं. घासायच्या मोटरीवर फडकं टाकून ठेवलं होतं. आणि समोरच्या भिंतीवर, फळ्यांवर ओळीने, प्लॅस्टरचे जबडे. शेकडो असतील. गावच्या गाव तिथे तोंड उघडून बसलं होतं, नावाशिवाय.

फोटोवाल्यांची नजर सवयीने तिकडे धावली. चेहरे ओळखणं हा त्यांचा धंदा, आणि दोन-चार जबडे तर त्यांना बघताक्षणीच ओळखू येतील असं वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि फळ्यांकडे पाठ करून बसले. समोर नुसती खिडकी आली. घुमेरावांनी ते बघितलं. त्यांनी एक पेला पाणी पुढे केलं.

"काम बंद?" फोटोवाल्यांनी मोटरीकडे बोट केलं.

"डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस येऊ नका. लोक घाबरलेत."

"किती दिवस?"

"विसरेपर्यंत."

फोटोवाल्यांनी पाणी पिऊन टाकलं. त्यांनी मनात एक मोठं भाषण तयार करून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. "चूक झाली काका," एवढंच त्यांना म्हणता आलं. "माझ्या जिभेपायी तुमचं पोट... मी डॉक्टरांना भेटतो. मी सांगतो त्यांना. गाडीतल्या लोकांनाही सांगतो, की..."

"तुम्ही कुणाला काही सांगू नका," घुमेराव म्हणाले.

बरोबरच होतं. सांगण्यानेच तर सगळं झालं होतं. जिन्याच्या फळ्यांतून पिठाचा वास वर येत होता. आता उठून जावं, एवढं तर त्यांना कळत होतं. ते उठलेही. दारापर्यंत गेले. पण आत काहीतरी सलत होतं, आणि सलणारी गोष्ट तोंडातल्या तोंडात ठेवायची त्यांना मुळी सवयच नव्हती.

"काका, एकच विचारतो," ते वळून म्हणाले. "मी काही परका नव्हे. नवरा आहे तिचा. आणि इतकी वर्षं आपण एकाच सीटवर बसतो. मी ती काचेसमोरची गोष्ट तुमच्या तोंडावर शंभरदा सांगितली, तुमची टर उडवली, लोकांना हसवलं. एका शब्दाने माझं तोंड बंद झालं असतं. एकदा तरी, बाजूला घेऊन, मला सांगावंसं नाही का हो वाटलं तुम्हाला?"

घुमेरावांनी टेबलावरची सुरी उचलली, मेण निपटून तिच्या जागी ठेवली आणि या वेळी ओठांची फट न करता, पुरतं तोंड उघडून म्हणाले,

"दात तुमचे नव्हते."